हेवी-ड्युटी पिकअप घेताना: टोइंगची कोणती सोय कारखान्यातून घ्यावी, कोणती नंतर बसवावी

अमेरिकेत नवा हेवी-ड्युटी पिकअप मागवणारा ग्राहक फोर्ड, रॅम की शेवरले यावर महिनोन्‌महिने खल करतो; मात्र टोइंगच्या, म्हणजे मागे ट्रेलर ओढण्याच्या, पर्यायांची यादी समोर आली की विक्रेत्याने सुचवलेल्या पॅकेजवर पाच मिनिटांत सही करून मोकळा होतो. वास्तविक जे नंतर बसवता येत नाही त्यावर आधी खर्च करावा, आणि जे बाजारात कधीही मिळते त्याला शेवटी हात घालावा. पुढील तुलना चौघांच्या कुटुंबाला सुमारे १४,००० पौंडांचा, म्हणजे साधारण ६,३५० किलोंचा, फिफ्थ-व्हील कॅम्पर, म्हणजे पिकअपच्या हौद्यातच जोडला जाणारा राहण्याचा ट्रेलर, ओढायचा आहे असे धरून केली आहे.

पहिला आणि सर्वांत महागात पडू शकणारा निर्णय म्हणजे फोर्डची एफ-२५० घ्यावी की जास्त भार पेलणारी एफ-३५०. जाहिरातीत झळकणारी ओढण्याची क्षमता एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ या मानकानुसार ठरते. त्यातील एका चाचणीत ॲरिझोनामधील डेव्हिस डॅमचा ११.४ मैलांचा चढ किमान १०० अंश फॅरनहाइट उष्णतेत, वातानुकूलन चालू ठेवून चढावा लागतो. आकडा खरा असतो. पण गाडी किती ओढते एवढेच तो सांगतो, पाठीवर किती पेलते ते सांगत नाही. फिफ्थ-व्हीलच्या वजनाचा १५ ते २५ टक्के भाग थेट हौद्यावर येतो. आपल्या कॅम्परचा २० टक्क्यांनी हा भार २,८०० पौंड होतो. त्यात २०० पौंडांचा हिच, म्हणजे ट्रेलर अडकवण्याचा सांधा, आणि चार माणसांचे ६०० पौंड मिळवले की बेरीज ३,६०० पौंडांवर जाते, आणि त्यात सामानाची एकही पिशवी अजून धरलेली नाही. चार दरवाजांची, डिझेल इंजिनाची एफ-२५० रिकामी असताना ७,५०० पौंड भरत असेल आणि तिची एकूण वजनमर्यादा १०,००० पौंड असेल, तर पेलण्यासाठी २,५०० पौंडच उरतात. तेच ११,५०० पौंडांची मर्यादा असलेल्या एफ-३५०वर सुमारे ४,००० पौंड मिळतात. या दोन गाड्या, मागे एकेरी चाके असतील तर, मागील पाट्यांचे स्प्रिंग सोडल्यास जवळजवळ सारख्याच असतात आणि किमतीतला फरकही डिझेल इंजिनाच्या खर्चापुढे किरकोळ आहे. रॅममध्ये तफावत अधिक ठळक आहे: २५००ला मागे कॉइल स्प्रिंग, तर ३५००ला पाट्यांचे स्प्रिंग मिळतात. नंतर हवेचे जोड-स्प्रिंग बसवून गाडीचा खाली गेलेला मागचा भाग वर येतो, पण दरवाजाच्या चौकटीवरील लेबलावर छापलेली मर्यादा एका पौंडानेही वाढत नाही. म्हणून या उदाहरणात माझा कौल निःसंशय ३५०ला आहे. नोंदणीसाठी गाडीची एकूण वजनमर्यादा १०,००० पौंडांच्या आत ठेवण्याची खास गरज असेल, तरच २५०चा विचार करावा.

इंजिनाची निवड इतकी सरळ नाही. फोर्डचे ६.७ लिटर डिझेल साध्या रूपात १,०५० पौंड-फूट टॉर्क देते, तर ७.३ लिटर पेट्रोल इंजिन ४८५. पण डिझेलसाठी सुमारे १०,००० डॉलर जास्त मोजावे लागतात आणि इंजिनाच्या जादा वजनाने पेलण्याची क्षमता काहीशे पौंडांनी घटते. वर्षातून दोनचार वेळा सपाट टेक्सासमध्ये फिरणाऱ्याला ४.३० गुणोत्तराच्या ॲक्सलसह (म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे चालनदांड्याचे ४.३० फेरे) पेट्रोल पुरेसे ठरते. कोलोरॅडोत इंटरस्टेट ७० वरून आयझेनहॉवर बोगद्याकडे, म्हणजे सुमारे ११,००० फुटांवर, चढणाऱ्याचे गणित मात्र बदलते: टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावते, आणि उतारावर डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक चाकांचे ब्रेक तापण्यापासून वाचवतो. डोंगरात राहणाऱ्याने या ठिकाणी काटकसर करू नये. ॲक्सलचे गुणोत्तरही मागणी नोंदवतानाच ठरवावे, कारण चारचाकी चालनाच्या गाडीत नंतर ते बदलायचे म्हणजे पुढचा आणि मागचा असे दोन्ही ॲक्सल उघडावे लागतात.

हौद्याची लांबी ही दुसरी न बदलता येणारी बाब. फोर्डचा आखूड हौदा ६.७५ फुटांचा, रॅमचा ६ फूट ४ इंचांचा. अशा हौद्यात तीव्र वळणावर कॅम्परचे नाक केबिनच्या मागच्या काचेवर आदळू शकते, त्यामुळे सरकता हिच घ्यावा लागतो. आठ फुटी हौद्यात ही चिंता बरीच कमी होते, आणि फोर्डच्या डिझेल सुपर ड्युटीत, म्हणजे याच एफ-२५०/३५० मालिकेत, टाकीही ३४ ऐवजी ४८ गॅलनची मिळते. गैरसोय एवढीच की मॉलच्या पार्किंगमध्ये गाडीचे नाक किंवा शेपूट बाहेर राहते.

फिफ्थ-व्हील आणि गूसनेक (हौद्यातील गोळ्यावर अडकणारी जोडणी) यांसाठीचे कारखान्याचे पॅकेज घ्यावे का? त्यात हौद्याखाली आडवे पोलादी आधार, हिच अडकवण्याच्या खाचा आणि हौद्यातच ट्रेलरच्या विजेच्या जोडणीचे सात पिनांचे सॉकेट मिळते, तेही काहीशे डॉलरमध्ये. हिच मात्र वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि एका कंपनीच्या खाचांसाठी घेतलेला हिच दुसरीच्या गाडीत बसेलच असे नाही. हिचसाठी नंतर बसवल्या जाणाऱ्या रुळांसाठी हौद्याला भोके पाडावी लागतात आणि एरवी प्लायवूड वाहताना ते आडवे येतात. तरीही डीलरकडे उभी असलेली गाडी बाकी सगळ्या दृष्टींनी योग्य असेल, तर या एका पॅकेजसाठी ती नाकारू नये. हौद्याखाली बसणारा बाजारातील गूसनेक हिच उत्तम काम देतो. मागच्या बंपरखालील रिसीव्हरला, म्हणजे हिचच्या खोबणीला, जोडायचा साधा ट्रेलर असेल, तर हे पॅकेज घेण्यात अर्थच नाही.

ट्रेलरचे ब्रेक पिकअपमधून चालवणारा ट्रेलर ब्रेक कंट्रोलर मात्र कारखान्याचाच घ्यावा. तो गाडीच्या एबीएसशी जोडलेला असतो आणि चालकाने पेडल किती दाबले हे थेट ओळखतो. डॅशबोर्डखाली स्क्रूने बसवलेला बहुतेक कंट्रोलर गाडीचा वेग कमी होतो आहे यावरून किंवा ठरलेल्या वेळेनुसार अंदाज बांधतो. लांब होणारे टोइंग आरसेही आधीच घ्यावेत, कारण तापक, दिवे आणि ब्लाइंड-स्पॉट सेन्सर असलेले आरसे नंतर बसवणे खर्चिक आणि किचकट आहे. ट्रेलरच्या टायरमधील हवेचा दाब मोजणारी यंत्रणा, जादा कॅमेरे आणि रिव्हर्स घेताना स्वतः स्टिअरिंग फिरवणारी सोय यांवर मी पैसे शेवटी खर्च करीन. पहिल्या दोन गोष्टी बाजारात मिळतात, आणि तिसरीची जागा रिकाम्या मैदानातील सराव बऱ्याच अंशी घेऊ शकतो.

राहिला मागे चार चाकांच्या ड्युअलीचा प्रश्न. आडव्या वाऱ्यात ती निश्चितच अधिक स्थिर असते, परंतु १४,००० पौंडांसाठी ती अनिवार्य नाही, आणि रोजच्या वापरात कार-वॉशपासून ड्राइव्ह-थ्रूपर्यंत तिची रुंदी नडते. कॅम्पर १६,००० पौंडांचा होणार असेल, तर ती घ्यावी. फक्त तेव्हा परवान्याचे नियमही पाहावेत. टेक्सासमध्ये १०,००० पौंडांहून जड ट्रेलरसह जोडीची एकूण वजनमर्यादा २६,००० पौंडांच्या वर गेली, की खासगी वापरासाठीही क्लास ए परवाना लागतो, आणि कॅलिफोर्नियात १५,००० पौंडांवरील फिफ्थ-व्हीलसाठी अव्यावसायिक क्लास ए परवान्याची परीक्षा द्यावी लागते.