माणूस-चिंपांझी स्नायू मॉडेल: वर्षभर वर्गात वापरल्यानंतर

वॉरंटी संपत आली असताना चिंपांझीच्या हाताचा एक स्नायू चुंबकासकट निघून आला, म्हणून हे लिहायला बसले. संच म्हणजे माणूस आणि चिंपांझी यांच्या हातापायांची मॉडेलं, चुंबकाने बसवलेल्या स्नायूंसकट; बाकी तपशिलात वेळ घालवत नाही. मी तो मानवशास्त्राच्या प्रात्यक्षिकांना वापरते. साडेअठरा हजार माझ्या खिशातून गेलेत आणि ते मला जाणवतात.

निघाला तो अंगठ्याचा स्नायू, फ्लेक्सर पॉलिसिस लाँगस. माझी मुख्य तक्रारही पहिल्यापासून त्याच तुकड्याबद्दल आहे. चिंपांझीत हा स्नायू असा सुटा नसतोच! बोटं वाकवणारा जो खोलवरचा स्नायू असतो, त्याच्याच तर्जनीकडच्या भागातून अंगठ्याला एखादी बारीक कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) जाते, आणि कित्येकदा तीही नसते. ओरांगउटानमध्ये तर बहुधा नाहीच. माणसात मात्र हा स्नायू रेडियसच्या, म्हणजे कोपराखालच्या अंगठ्याकडच्या हाडावरून निघून थेट अंगठ्याच्या शेवटच्या पेरापर्यंत स्वतंत्र जातो. गिबनमध्येही तो सहसा वेगळा असतो, म्हणजे गिबनचा हात बनवला असता तर एक वेळ चाललं असतं. इथे माणसाचाच तुकडा लहान करून चिंपांझीला चिकटवलाय.

एवढ्याशा स्नायूचं इतकं काय, असं सहकारी म्हणतात. मी मुलांना मनगटाच्या थोडं वर, अंगठ्याच्या बाजूला दुसऱ्या हाताची बोटं टेकवून अंगठ्याचं फक्त टोक वाकवायला सांगते. कातडीखाली आत काहीतरी सरकतं, ते मुलांना लगेच जाणवतं. सुई धरताना, पेन धरताना हाच कामाला येतो. मग मुलं चिंपांझीच्या मॉडेलकडे वळतात आणि तिथेही तसाच स्नायू! तुलनेसाठी घेतलेल्या वस्तूत नेमका फरकच पुसलेला असेल तर पैसे कशाचे मोजले?

विक्रेत्याला कळवलं. आधी बिलाचा फोटो, मग तुटलेल्या जागेचा, मग ‘चुंबक वॉरंटीत येत नाही, अख्खा हात स्वखर्चाने पाठवा’. तीन आठवडे ईमेल चालले. शेवटी नवा तुकडा आला, तसाच चुकीचा. तो मी बसवलाच नाही. खोल स्नायूच्या तर्जनीकडच्या कडेपासून अंगठ्यापर्यंत जाड दोरा अराल्डाइटने चिकटवला आणि आता तोच दाखवते. खर्च नगण्य, शरीररचना बरोबर.

पायांबद्दल मात्र माझं मत पार बदललं. सुरुवातीला वाटायचं, हे किंमत वाढवायला घातलेत. दुसऱ्या सत्रात नीट वापरले आणि आता संचातला सर्वांत चांगला भाग तोच वाटतो. माणसाच्या पोटरीखाली लांबलचक अकिलीस कंडरा, धावताना ताणून परत ऊर्जा देणारी. चिंपांझीत मांसल भाग जवळजवळ टाचेपर्यंत उतरलेला. दोन्ही मॉडेलं शेजारी ठेवली की शिकवावं लागत नाही. नितंबाचंही तसंच. माणसात ग्लूटियस मॅक्सिमसचा, म्हणजे नितंबाच्या मोठ्या स्नायूचा, वरचा भाग जाड, चिंपांझीत तो पातळ आणि खालचा भाग मांडीच्या हाडालगत लांब उतरतो. चिंपांझीला ‘चार हात’ म्हणणाऱ्या मुलांना पेरोनियस लाँगस (पोटरीच्या बाहेरच्या बाजूने तळपायात जाणारा स्नायू) आणि पायाच्या बोटांचे आखूड स्नायू, म्हणजे पायाच्याच खुणा, दाखवता येतात. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हक्सलीने १८६३ मध्ये याच खुणांवरून गोरिलाच्या मागच्या पंज्याला हात नव्हे, पाय म्हटलं होतं.

सुखद धक्का दंडात मिळाला. लॅटिसिमस डॉर्सी या पाठीच्या रुंद स्नायूच्या कंडरेपासून कोपराच्या आतल्या बाजूकडे जाणारी एक पट्टी, डॉर्सोएपिट्रोक्लिॲरिस, चिंपांझीच्या मॉडेलमध्ये व्यवस्थित आहे. कपींमध्ये (चिंपांझी, गोरिला, गिबन वगैरे) हा स्नायू नेहमीचा, माणसात क्वचित. महागड्या तक्त्यांतही तो गाळलेला पाहिलाय. ज्या कारागिराने हे जाणून केलं, त्याच कारखान्यात अंगठा असा कसा सुटला, हे मला अजून उलगडत नाही.

सोबतच्या माहितीपत्रकात ‘चिंपांझी माणसाच्या पाचपट ताकदवान’ असं छापलंय. ते वर्गात वाटू नका. २०१७ च्या अभ्यासात चिंपांझीचा स्नायू तेवढ्याच आकाराच्या मानवी स्नायूपेक्षा सुमारे १.३५ पट सरस निघाला, मुख्यतः वेगाने आकुंचन पावणाऱ्या तंतूंच्या जास्त प्रमाणामुळे.

पूर्ण संच साडेअठरा हजारांना मी पुन्हा घेणार नाही. पायांची जोडी आता वेगळी मिळते, तेवढीच मागवा. हात हवेच असतील, तर पैसे भरण्याआधी चिंपांझीच्या कोपराखालच्या हाताचा, अंगठ्याकडच्या बाजूचा फोटो मागून घ्या.