बिशपांची मतदार-पुस्तिका: कामाची आहे, पण चौतिसाव्या परिच्छेदाशी थांबलात तर नाही

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की कॅथलिक चर्चमधल्या मागच्या टेबलावर एक पुस्तिका येऊन पडते: ‘फॉर्मिंग कॉन्शन्सेस फॉर फेथफुल सिटिझनशिप’. ती काढते तिथली कॅथलिक बिशप परिषद. असे निवेदन दर चार वर्षांनी काढायची प्रथा १९७६ पासूनची. सध्याचा साचा २००७ चा, मोठी डागडुजी २०१५ ची. २०१९ आणि २०२३ मध्ये पोटातला मजकूर तोच ठेवून पुढे नवी प्रस्तावना जोडली. पीडीएफ परिषदेच्या संकेतस्थळावर फुकट मिळते.

मत कुणाला द्यायचे हे ती सांगत नाही. तशी अपेक्षा ठेवून उघडणारे पाच मिनिटांत मिटवतात. ती सांगते ते जास्त अवघड आहे: आपला पक्ष, आपला राग, आपले हितसंबंध श्रद्धेच्या मागे उभे करा. परिच्छेद १४ म्हणतो की पक्षावरच्या निष्ठेपेक्षा नैतिक धारणेने चालावे, आणि गरज पडल्यास आपल्याच पक्षाला बदलायला लावावे. परिच्छेद १७ त्याहून टोकदार आहे. सदसद्विवेकबुद्धी म्हणजे वाटेल ते करायचा परवाना नव्हे आणि नुसती ‘भावना’ही नव्हे, असे तो स्पष्ट बजावतो. ‘माझं मन सांगतं’ हे एवढ्याने उत्तर होत नाही. मनाला वळण लावावे लागते, आणि ते कसे लावायचे हे परिच्छेद १८ मध्ये येते: सत्याची मनापासून ओढ, बायबल आणि ख्रिस्तसभेच्या शिकवणीचा अभ्यास, वस्तुस्थितीची तपासणी, मग प्रार्थनापूर्वक चिंतन. यातली वस्तुस्थितीची तपासणी धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) सर्रास गाळली जाते. प्रार्थना होते, पण ज्या बातमीवर प्रार्थना केली ती खरी होती का हे कुणी पाहत नाही.

पुस्तिकेचा खरा जीव परिच्छेद ३४ ते ३७ मध्ये आहे, आणि सगळा घोटाळाही तिथेच होतो. ३४ सांगतो की गर्भपात, दयामरण, कामगार-गरिबांना माणुसकीला न शोभणाऱ्या अवस्थेत ढकलणे, वंशद्वेषी वर्तन अशा मूलतः दुष्ट कृत्यांना बळ देणाऱ्या उमेदवाराला त्या भूमिकेला पाठिंबा म्हणून मत देता येत नाही. बहुतेक वाचक इथेच पुस्तिका मिटवतात. पण त्याच परिच्छेदाचे शेवटचे वाक्य उलट बाजूने कान धरते: उमेदवार अशा एका कृत्याच्या विरोधात आहे, एवढ्यावर बाकीच्या गंभीर प्रश्नांकडे डोळेझाक करू नका. ३५ मध्ये मुभा आहे. उमेदवाराची ती भूमिका नाकारूनही, दुसऱ्या खरोखर गंभीर नैतिक कारणासाठी त्याला मत देणे शक्य आहे. संकुचित स्वार्थ किंवा पक्षप्रेम हे ते कारण नव्हे. ३६ पेचाबद्दल आहे: सगळेच उमेदवार तसे असतील तर मत न देण्याचे असाधारण पाऊल उचला, किंवा कमी नुकसान करील त्याला निवडा. सप्टेंबर २०२४ मध्ये सिंगापूरहून परतताना पोप फ्रान्सिस विमानात ‘कमी वाईट’ निवडा म्हणाले, तेव्हा अनेकांना धक्का बसला. हा परिच्छेद वाचला असता तर बसला नसता. ३७ सांगतो की सगळ्या प्रश्नांचे नैतिक वजन सारखे नसते.

हे चार परिच्छेद एकत्र वाचले तरच तोल राहतो. एका गटाने फक्त ३४ ची झेरॉक्स काढायची आणि दुसऱ्याने फक्त ३५ ची, असे झाले की मत आधीच ठरलेले असते, पुस्तिका फक्त शिक्का मारायला वापरली जाते. त्यात बाहेरच्या संघटनांची ‘हे पाच मुद्दे अटळ’ छापाची पत्रके मिस्सा (रविवारची उपासना) संपताच पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचांवर खोचली जातात. एका पानाचे पत्रक जाडजूड पुस्तिकेला सहज हरवते. धर्मगुरूंनी आधीच्या रविवारी सूचनांमध्ये सांगून टाकावे की ही पत्रके धर्मग्रामाची नाहीत.

गटाने वाचायची असेल तर सहा ते आठ जण, चार बैठका, प्रत्येकी सव्वा तास पुरतो. पहिल्या बैठकीत पुस्तिका उघडण्याआधी प्रत्येकाने चिठ्ठीवर आपला कल आणि त्याचे एकच कारण लिहावे, चिठ्ठी घडी घालून स्वतःकडे ठेवावी. मग १४, १७, १८. दुसरी बैठक पूर्ण ३४ ते ३७ साठी, मोठ्याने वाचून, प्रत्येक परिच्छेद वेगळ्या माणसाने. तिसऱ्या बैठकीला काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावरून नमुना मतपत्रिका छापून आणावी. चौथीत चिठ्ठ्या उघडाव्यात आणि एकच प्रश्न विचारावा: हेच कारण विरोधी पक्षाच्या उमेदवाराने दिले असते तर ते मला पटले असते का? चिठ्ठी दुसऱ्याला दाखवायची सक्ती नको. सक्ती केली की लोक शोभेची कारणे लिहितात.

तिसरी बैठक वगळू नये, कारण पुस्तिका हवेत बोलते आणि मतपत्रिका जमिनीवर. कॅलिफोर्नियाचे २०२४ चे प्रपोझिशन ३२ घ्या, म्हणजे थेट मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव. किमान वेतन ताशी १६ वरून १८ डॉलर करायचे की नाही, असा प्रश्न. प्रस्ताव थोडक्या फरकाने पडला. कामगाराला पोट भरेल इतके वेतन मिळालेच पाहिजे ही शिकवण पोप तेराव्या लिओंच्या १८९१ च्या परिपत्रकापासून चालत आलेली आहे, ती कॅथलिकाला नाकारता येत नाही. पण तो आकडा नेमका १८ च असावा का, छोट्या खानावळी कामाचे तास कापतील का, हा तारतम्याचा भाग. तिथे दोन श्रद्धाळू माणसे दोन बाजूंना मत देऊ शकतात. अट एवढीच की दोघांच्याही हिशेबात मजूर आधी यावा, स्वतःचा खिसा नंतर. हा भेद एकदा हातात आला की बाकीची मतपत्रिका भराभर सुटते.

आता उणिवा. भाषा समितीची आहे: प्रत्येक बिशपाची एकेक ओळ सांभाळल्यासारखी लांबलचक. दुसऱ्या भागात स्थलांतरितांपासून पर्यावरणापर्यंत सगळे प्रश्न ओळीने मांडले आहेत, पण सोडवून दाखवलेले उदाहरण एकही नाही. कशाचे वजन किती, यावर खुद्द बिशपांचे एकमत नाही. २०१९ मध्ये प्रस्तावनेत गर्भपाताला ‘सर्वोच्च प्राधान्य’ म्हटले, तेव्हा गरिबांचे जीवही तितकेच पवित्र आहेत, हा पोप फ्रान्सिस यांचा पूर्ण परिच्छेद घालावा अशी शिकागोचे कार्डिनल क्युपिच यांची सूचना होती. ती बहुमताने फेटाळली गेली. वाचणाऱ्या गटाला हा वाद माहीत असलेला बरा. नाहीतर प्रस्तावनेतला एक शब्द म्हणजे सगळी शिकवण असे वाटते.

सगळ्यात मोठी चूक मात्र वापरणाऱ्यांची. ही पुस्तिका ऑक्टोबरात बाहेर काढतात. तोवर पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत प्राथमिक फेऱ्या केव्हाच उरकलेल्या असतात, आणि परिच्छेद १४ चे ‘पक्षाला बदला’ अमलात आणायची जागा तीच होती. ईस्टरआधीच्या उपवासकाळात वाचन सुरू करा. चाळीस दिवस तसेही हाताशी असतात. एका पदासाठी कुणीच पटत नसेल तर तेवढी जागा कोरी सोडून बाकीची मतपत्रिका भरता येते, हेही गटात सांगा. पुष्कळांना वाटते की त्याने अख्खे मत बाद होते.

चर्चने कुठल्या उमेदवाराला पाठिंबा किंवा विरोध करू नये हा तिथल्या करकायद्यातला १९५४ पासूनचा नियम. जुलै २०२५ मध्ये करखात्याने न्यायालयात सैल भूमिका घेतली, तरी आम्ही उमेदवारांना पाठिंबा देणार नाही, असे बिशप परिषदेने लगेच सांगितले. पुस्तिकेची पत टिकली ती यामुळे.

वसईत किंवा गोव्यात कुणाला हीच पुस्तिका आणून वाटावीशी वाटली तर थांबा. आपला कायदा निराळा आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चे कलम १२३ धर्माच्या नावाने मत मागणे, तसेच देवाचा कोप होईल अशी भीती घालणे हे भ्रष्ट आचरण मानते, मग ते उमेदवाराने केलेले असो, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने तिसऱ्या कुणी. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी हा धर्म नुसता उमेदवाराचा नव्हे, मतदाराचाही धरला. तो खटला मुंबईतल्या सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीचा होता. आचारसंहितेप्रमाणे प्रार्थनास्थळ प्रचाराला वापरता येत नाही. त्यामुळे ३४ वा परिच्छेद व्यासपीठावरून वाचून पुढे उमेदवाराचे नाव घेणे अंगलट येऊ शकते. उपवास-प्रार्थनेचे आवाहन चालते. भारतीय बिशप परिषदेने २२ मार्च २०२४ हा दिवस त्यासाठीच ठेवला होता.

इथल्या गटासाठी १४, १७, १८ आणि ३४ ते ३७ यांचा सोप्या मराठीत गोषवारा काढा, नमुना मतपत्रिकेऐवजी उमेदवारांची फॉर्म २६ ची शपथपत्रे ठेवा (गुन्हे, मालमत्ता, कर्ज सगळे त्यात असते, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळते), आणि ‘मत न देणे’ जिथे येते तिथे ‘नोटा’ लिहा. दुसरा भाग पूर्ण गाळला तरी चालेल. तो वॉशिंग्टनसाठी लिहिलेला आहे.