आठ महिन्यांच्या वापरानंतर: ‘पैसे राखून ठेवा’ सोय चांगली, पण सिरियल नंबरला रकानाच नाही

जुने फोन, लॅपटॉप, कॅमेरे, ग्राफिक्स कार्ड विकण्याच्या ॲपमधली ‘पैसे राखून ठेवा’ ही सोय आठ महिने वापरून झाल्यावर हे लिहितोय. ती कशी चालते हे विकणाऱ्या बहुतेकांना ठाऊक आहे. खरेदीदाराचे पैसे ॲपकडे जमा होतात, वस्तू पोचल्यावर त्याला तपासायला ४८ तास मिळतात, आणि त्याने मान्य केलं किंवा मुदत उलटली की रक्कम आपल्या खात्यात येते. त्यामुळे त्यावर शब्द खर्च करत नाही. बोलायचंय ते संशयास्पद खरेदीदारांपुढे ही सोय कुठे टिकते आणि कुठे विकणाऱ्याला वाऱ्यावर सोडते त्याबद्दल.

पहिल्या तीन महिन्यांनंतर कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते. फसवणाऱ्यांच्या बऱ्याचशा युक्त्या पैसे आल्याचं भासवण्यावर उभ्या असतात. पेमेंट झाल्याची हिरवी खूण दाखवणारी बनावट ॲप असतात, बँकेच्या नावाने मेसेज पाठवता येतो, आणि ‘ट्रॅकिंग नंबर भरा, मगच रक्कम मोकळी होईल’ असे हुबेहूब ईमेल येतात. राखून ठेवलेल्या पैशांच्या व्यवहारात या सगळ्याला उत्तर एकच: आपण स्वतः ॲप उघडायचं, ऑर्डरचं पान बघायचं, तिथे ‘रक्कम जमा’ दिसत नसेल तर वस्तू हलवायची नाही. समोरचा काय दाखवतो याला किंमत उरत नाही. फक्त एक पळवाट राहते. ॲपच्याच नावाशी मिळतंजुळतं पान बनवून त्याची लिंक पाठवतात आणि ‘पैसे स्वीकारण्यासाठी’ कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे किंवा ओटीपी मागतात. पैसे घेणाऱ्याला यातलं काहीही भरावं लागत नाही. ‘पैसे मिळण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा’ म्हणणाऱ्याचंही तेच. पेमेंटचा क्यूआर स्कॅन पैसे देणारा करतो.

गप्पांवरून माणूस ओळखण्याबाबत माझं मत मधल्या काळात पुरतं बदललं. सुरुवातीला खोदून खोदून विचारणारे डोकेदुखी वाटायचे. आता उलट वाटतं. खरा गिऱ्हाईक बॅटरीची क्षमता किती टक्के उरली आहे ते विचारतो, लॅपटॉप असेल तर चार्ज सायकलचा (बॅटरी किती वेळा पूर्ण वापरली गेली त्याचा) आकडा मागतो, बिल आहे का, स्क्रीन कधी बदलली का हे विचारतो, आणि घासाघीस तर करतोच. फसवणाऱ्याला वस्तूबद्दल कुतूहल नसतं. मागितली ती रक्कम तो पहिल्याच मेसेजला कबूल करतो आणि पुढचं सगळं बोलणं पैसे कसे येतील आणि वस्तू कोण नेईल यावरच फिरतं: भाऊ घेऊन जाईल, ड्रायव्हर पाठवतो, मी बाहेरगावी आहे. ‘तुम्ही खरे आहात ना हे बघायला एक सहा आकडी कोड पाठवलाय, तो सांगा’ असं म्हटलं की संभाषण तिथेच बंद करावं. तो कोड तुमच्याच खात्यात शिरण्यासाठी किंवा तुमच्या नंबरवर नवं खातं उघडण्यासाठी मागवलेला असतो.

ॲप दोन्ही बाजूंचे फोन नंबर झाकून ठेवतं, हे उत्तम. पण ‘इथे मेसेज उशिरा दिसतात, दुसरीकडे बोलू’ या एका वाक्याला मान डोलावली की हे सगळं संरक्षण संपतं. बाहेर गेल्यावर जी रक्कम येते ती कुणाच्या नावाने आली तेही बघायला हवं. बोलतोय एक जण आणि पैसे आलेत भलत्याच नावाने, असं असेल तर बरेचदा तो तिसरा माणूस स्वतःच फसलेला असतो. त्याला दुसरीच कुठली तरी वस्तू विकल्याचं सांगून तुमचा खाते क्रमांक दिलेला असतो. तो तक्रार करतो तेव्हा वस्तू गेलेली असते आणि चौकशी तुमच्या खात्याची होते. मागितल्यापेक्षा जास्त रक्कम पाठवून ‘वरचे परत करा’ म्हणणाराही याच जातीचा. मूळ रक्कम नंतर उलटवली जाते, तुम्ही परत पाठवलेली मात्र गेलेली असते.

इथपर्यंत सोयीला नावं ठेवायला जागा नाही. आता जो दोष माझ्या डोक्यातून जात नाही तो. जाहिरातीच्या फॉर्ममध्ये रंगाचा रकाना आहे. तो सक्तीचा आहे, रंग निवडल्याशिवाय जाहिरात पुढे सरकत नाही. ब्रँड, मॉडेल, स्टोरेज, ‘किती महिने वापरलं’, सगळ्याला रकाने आहेत. सिरियल नंबरला नाही. जाहिरातीत नाही, ऑर्डरच्या पानावर नाही, परतीच्या अर्जातही नाही.

हे क्षुल्लक वाटत असेल तर परतीचा डाव कसा खेळतात ते बघा. एखाद्याकडे तुमच्याच मॉडेलचा, त्याच रंगाचा फोन पडलेला असतो. त्याचा बोर्ड गेलेला असतो किंवा तो कुणाच्या तरी खात्याला कुलूपबंद असतो. तो तुमचा चालू फोन मागवतो, पूर्ण पैसे ॲपकडे भरतो, ४८ तासांच्या आत ‘वर्णनाप्रमाणे नाही’ हे बटण दाबतो आणि परतीच्या खोक्यात स्वतःचा मेलेला फोन घालतो. त्याने पैसे खरे भरलेले असतात, पत्ता खरा असतो, बोलणं सभ्य असतं. गप्पांमधून ओळखण्याच्या सगळ्या खुणा इथे निकामी ठरतात. मग तक्रार विभाग तुम्हाला विचारतो की परत आलेली वस्तू तुमची नाही याचा पुरावा काय. तुम्ही जाहिरातीतले फोटो पुढे करता, तर ॲपने ते इतके आवळलेले असतात की मागच्या स्टिकरवरचे आकडे वाचता येत नाहीत, आणि फोटो काढल्याच्या तारखेची माहितीही अपलोड करताना पुसली गेलेली असते. आयएमईआयसाठी, म्हणजे प्रत्येक फोनच्या वेगळ्या १५ आकडी ओळख नंबरसाठी, एक रकाना ऑर्डरला जोडलेला असता तर हा वाद एका मिनिटात मिटला असता. या एका उणिवेसाठी पाचव्या महिन्यात मी तारे दोनवर आणले होते, आणि ते रागाच्या भरात केलं नव्हतं.

रकाना नाही म्हणून काही जण आयएमईआय थेट जाहिरातीच्या मजकुरात टाकतात. तसं करू नका. उघड्यावरचा नंबर उचलून दुसरा कुणी तोच फोन आपला म्हणून विकायला काढू शकतो. फोटोत नंबर दिसत असेल आणि झाकायचा तर नीट झाकायला हवा. आयएमईआयचे पहिले ८ आकडे मॉडेलचे असतात, पुढचे ६ त्या एका फोनचे, आणि शेवटचा १५ वा आकडा आधीच्या १४ वरून गणित करून काढलेला तपासणीचा आकडा असतो. म्हणजे फक्त शेवटचा आकडा झाकला तर काहीच झाकलं नाही, तो कुणीही मांडून काढू शकतो. मधलाच एखादा एकटा आकडा झाकला तरी त्याच गणिताने सापडतो. पहिले ८ दिसू द्या, शेवटचे ७ पूर्ण काळे करा. बोटाने खरडल्यासारखी अर्धपारदर्शक रेघ नको, भरीव चौकोन टाका. जाहिरातीच्या फोटोत वस्तूशेजारी त्या दिवसाची तारीख हाताने लिहिलेली चिठ्ठीही ठेवा, म्हणजे तुमचे फोटो चोरून दुसऱ्याने खोटी जाहिरात केली तर ती लगेच उघडी पडते.

पुढे जे हाती लागलं त्याने मत पुन्हा वर गेलं. ऑर्डरला जोडलेल्या चॅटमधला मजकूर ॲप आवळत नाही, बदलू देत नाही, आणि त्यावर वेळ छापतं. म्हणून रक्कम जमा झाल्यावर आणि खोकं पाठवण्याआधी तिथे मजकूर म्हणून लिहायचं, फोटो नाही: या ऑर्डरमधल्या फोनचा आयएमईआय हा, सिरियल नंबर हा, बॅटरीची क्षमता इतके टक्के, नोंद बरोबर वाटत असेल तर ‘मान्य’ असं उत्तर द्या, मग पाठवतो. नंबर हाताने टाइप करू नका. *#०६# डायल करून स्क्रीनवर येतो तो किंवा सेटिंगमधल्या ‘फोनबद्दल’ पानावरचा घ्या. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, दोन्ही लिहा. खोक्यावरचा किंवा सिम ट्रेवरचा नंबर धरू नका, कारण खोकी आणि ट्रे दोन्ही बदलता येतात. खरा गिऱ्हाईक या मेसेजवर खूश होतो, कारण फोन चोरीचा नाही ना हे त्यालाही तपासायचं असतं. वस्तू बदलायच्या इराद्याने आलेला मात्र ‘मान्य’ लिहायला टाळाटाळ करतो आणि बरेचदा ऑर्डरच रद्द करतो. रकान्याचं काम असं एका मेसेजवर भागतं, पण ते ॲपने करायला हवं होतं हे माझं म्हणणं कायम आहे.

फोनचं एका नंबरवर भागतं, लॅपटॉपचं नाही. तिथे आख्खा लॅपटॉप बदलत नाहीत, आतली रॅम किंवा एसएसडी काढून घेतात आणि खालचं झाकण लावून परत करतात. बाहेरचा सिरियल नंबर तोच राहतो. म्हणून एसएसडीचा नंबर ‘स्मार्ट’ (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) माहिती दाखवणाऱ्या कुठल्याही टूलमधून आणि रॅमचा तिच्या स्टिकरवरून नोंदवा. झाकणाच्या दोन स्क्रूंवर चमकी असलेल्या नेलपॉलिशचा एकेक थेंब सोडा, वाळू द्या आणि अगदी जवळून फोटो घ्या. साधी नेलपॉलिश पुन्हा तशीच लावता येते, चमकीचे कण मात्र दुसऱ्यांदा त्याच जागी बसवता येत नाहीत. ग्राफिक्स कार्डाचं स्टिकर सोलून दुसऱ्यावर चिकटवतात, त्यामुळे स्टिकरवर विसंबू नका. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसोबत येणारी कमांड कार्डाचा स्वतःचा यूयूआयडी (त्या एकाच कार्डाचा ओळख क्रमांक) दाखवते, तो लिहून ठेवा. कॅमेऱ्याचं काम सोपं आहे. बरेच कॅमेरे स्वतःचा सिरियल नंबर प्रत्येक फोटोच्या माहितीत लिहितात, म्हणून त्याच कॅमेऱ्याने काढलेली एक मूळ फाइल जपून ठेवावी.

पॅकिंगचा व्हिडिओ सगळेच करायला सांगतात, पण तुकड्यातुकड्यांनी केलेला व्हिडिओ वादात टिकत नाही. चालू स्क्रीनवरचा नंबर, मग खोकं, मग टेप, मग पत्त्याचं लेबल, सगळं न थांबता एकाच शॉटमध्ये यायला हवं. शेवटी बंद खोकं एका ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ठेवून आकडा दाखवा. कुरिअरच्या पावतीवरही वजन असतं, त्यामुळे कुणी रिकामं खोकं मिळाल्याचा दावा केला तर दोन आकडे एकमेकांना दुजोरा देतात. परत आलेलं खोकं उघडतानाही हाच क्रम, फक्त उलटा. आधी लेबल आणि टेप चारही बाजूंनी दाखवा, मग वजन, मग कात्री.

काही वाद विकणाऱ्याच्या चुकीने होतात आणि त्यात खरेदीदार विनाकारण संशयित ठरतो. आयफोनमध्ये २०१३ च्या आयओएस ७ पासून ॲक्टिव्हेशन लॉक (पुसलेला फोनही जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो ते कुलूप) आहे, अँड्रॉइडमध्ये ५.१ पासून रीसेटनंतर जुनं खातं मागणारं कुलूप आहे. आधी खातं काढा, मग सेटिंगमधूनच रीसेट करा. रिकव्हरी मेनूतून थेट पुसलेला अँड्रॉइड फोन पुढच्याच्या हातात तुमचा पासवर्ड मागत बसतो. तसं झालंच तर पासवर्ड सांगू नका. आयफोन असेल तर आयक्लाउडच्या साइटवरून तो पुसून खात्यातून काढता येतो. प्रत्यक्ष भेटीत ‘माझं खातं टाकून बघतो’ म्हणणाऱ्याला पैसे मिळेपर्यंत नकार द्या. त्याने खातं टाकलं, ‘माझा फोन शोधा’ सुरू केलं आणि व्यवहार मोडला, तर तुमचा फोन त्याच्या कुलपात अडकतो. तपासायला हॉटस्पॉट द्या, कॅमेरा, स्पीकर, चार्जिंग सगळं बघू द्या, खातं नको.

पेपॅलने किंवा कार्डाने पैसे घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. पेपॅलचं विक्रेता संरक्षण हवं असेल तर वस्तू व्यवहाराच्या तपशिलात असलेल्या पत्त्यावरच पाठवावी लागते. पैसे भरून झाल्यावर ‘कामाच्या जागेचा पत्ता घ्या’ म्हणणाऱ्यासाठी पत्ता बदललात की ते संरक्षण जातं. ऑर्डर रद्द करून नव्या पत्त्यावर पुन्हा द्यायला सांगा. आणि ॲपची ४८ तासांची मुदत संपली म्हणजे सगळं संपलं असं धरू नका. व्हिसा, मास्टरकार्डचे व्यवहार साधारण १२० दिवसांपर्यंत उलटवायला टाकता येतात, पेपॅलवरचा वाद १८० दिवसांपर्यंत उघडता येतो. त्यामुळे व्हिडिओ, वजनाची पावती, चॅटमधलं ‘मान्य’ आणि स्क्रूंचे फोटो एका फोल्डरमध्ये ऑर्डर नंबरच्या नावाने टाका, आणि फोल्डरवर पुसण्याची तारीख १८० दिवसांपुढची लिहा. हे फोल्डर ज्या फोनमध्ये आहे तोच विकून टाकायच्या आधी ते त्यातून बाहेर काढायचं विसरू नका.