सेकंड हँड मिररलेस कॅमेरा घेताय? माझे ५८,५०० कसे गेले ते आधी वाचा

लडाखला निघण्याआधी घेतलेल्या निकॉन झेड ५० मध्ये माझे ५८,५०० रुपये बुडाले. बॉडी आणि १६-५० व ५०-२५० या दोन लेन्स. बॅटरीसकट तिन्ही मिळून किलोच्या आत, म्हणून प्रवासाला हाच संच हवा होता. अ‍ॅडव्हान्स ३,५०० आणि माल हातात आल्यावर ५५,०००, दोन्ही यूपीआयने.

'फौजी आहे, बदली झालीय, कुरियरने पाठवतो' हे प्रकार आता सगळ्यांना पाठ आहेत. म्हणूनच मी समोरासमोर भेटायचा हट्ट धरला, बिल मागितलं, बॉडीवरचा क्रमांक बिलाशी ताडून पाहिला. सामान्य माणसाने आणखी काय करायचं?

एक क्षण मात्र राहून राहून डोक्यात जातो. ५०-२५० वर यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायची काच, होता. म्हटलं, काढून लेन्सची समोरची काच बघू. फिरेना. रुमाल धरून पिळला, तरी जागचा हलेना. कडेला एका जागी नख अडकेल एवढा चेपा होता. विकणारा म्हणाला, "दादा, घट्ट बसलाय फक्त. घरी निवांत काढा, फिल्टर तसाही फुकट देतोय." आणि बोलता बोलता कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून खिशात टाकलं, "यात घरचे फोटो आहेत." फिल्टरच्या कडेला असा चेपा पडतो तो लेन्स तोंडावर आपटल्यावर, हे मला माहीत होतं! पण संध्याकाळची गर्दी, त्याचा सारखा वाजणारा फोन, 'दुसरं गिऱ्हाईक थांबलंय' हा घोशा. एका हाताचं बोट त्या चेप्यावर होतं आणि दुसऱ्या हाताने मी पिन टाकत होतो.

स्वतःचं कार्ड घेऊन जा. त्याच्या कार्डावर काढलेला फोटो तुमच्या काही कामाचा नाही.

घरी काढलेले दोन-चार फोटो मोबाईलवर बरे दिसले. खरा प्रकार कळला लडाखमधल्या हानलेला. २०२२ मध्ये डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीच्या काळोखासाठी राखीव क्षेत्र, जाहीर झालेली ती जागा, वर काळंभोर आकाश, २० सेकंदांचं एक्स्पोजर, आणि फ्रेमच्या उजव्या बाजूच्या चांदण्या फरफटलेल्या. आधी १६-५० ला दोष दिला. मग ५०-२५० लावली, तरी उजवीकडेच. म्हणजे दोष बॉडीत. परतल्यावर सर्व्हिस सेंटरने सांगितलं, लेन्स जिथे बसते तो माउंट वाकलाय, कॅमेरा पडलेला आहे. दुरुस्तीचा अंदाज २१,३०० रुपये, लेन्सचं वेगळं.

मग मी काढलेल्या फोटोची मूळ जेपीईजी फाइल एक्झिफटूलमध्ये टाकली; फोटोच्या फाइलमधली लपलेली माहिती दाखवणारं ते सॉफ्टवेअर. शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा चाललं तो आकडा, ७१,८४६. त्याने सांगितले होते 'जेमतेम चार हजार'. त्याहून वाईट म्हणजे फाइलमधला सिरियल नंबर वेगळा आणि बॉडीवरचा वेगळा. त्याने नमुन्याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. फोटो म्हणून पाठवला की ही सगळी माहिती गळून पडते. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. टाळाटाळ केली तर तिथेच व्यवहार थांबवा.

बिलही बनावट. दुकानाचा पत्ता दिल्लीचा आणि जीएसटी क्रमांकाची सुरुवात २७ ने. २७ महाराष्ट्राचा, दिल्लीचा ०७. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक फुकट तपासता येतो. पण बिलावरचा शिक्का आणि सही बघितल्यावर कोण तपासत बसतं?

आता पुढचं ऐका. पोलीस ठाण्यात म्हणाले, पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, माणूस समोर भेटला, वस्तू तुमच्या हातात आहे, ठाण्यात जा. पुन्हा ठाण्यात गेलो तर, "बघून घेतलात ना? मग हा दिवाणी मामला." खोटं बिल, बदललेला क्रमांक, आणि दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? वर एकाने मलाच विचारलं, "हा कॅमेरा चोरीचा निघाला तर तुम्ही काय सांगणार?" फसलेल्या माणसाला असं बोलायचं? अर्जाची पोचसुद्धा हुज्जत घालून मिळवावी लागली. बँकेचं एकच पालुपद: पिन तुम्ही टाकलात, व्यवहार अधिकृत. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, तो व्यापारी नाही, घरची वस्तू विकणारा खाजगी माणूस आहे, तिथे टिकणार नाही. त्याचा नंबर सगळ्यांकडे आहे, खातं कुणाचं तेही निघतं, पण एक फोन करायची कुणाची तयारी नाही.

ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालाने कळवता येतं. हे मला ठाण्यात कुणी सांगितलं नाही, मी शोधून काढलं. अर्ज पाठवलाय. पैसे नुकतेच गेले असतील तर वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

आणि हो, त्याची जाहिरात पुन्हा आलीय. नाव नवं, फोटो तेच, किंमत ५६,०००, आणि खाली लिहिलंय, 'अर्जंट, फक्त आज'.