बोटीला दिसायचं कशानं? कमी खर्चात नळी, स्पूल, शिट्टी की आरसा

अंदमानातल्या एका स्कूबा डाइव्हनंतर वर डोकं काढलं तर बोट तीन-चारशे मीटर लांब, आणि तीही पाठमोरी. प्रवाहानं मला नि माझ्या बडीला, म्हणजे डाइव्हच्या जोडीदाराला, ठरलेल्या जागेपासून बाजूला नेलं होतं आणि बोट दुसऱ्या गटाला उचलायला गेली होती. लाटा फार नव्हत्या, फूट-दीड फुटाच्या. पण तेवढ्या लाटेतही माणसाचं डोकं म्हणजे पाण्यावर तरंगणारा नारळ, क्षणात दिसतो नि क्षणात गायब होतो. मी शिट्टी जीव तोडून वाजवली. तिकडं डिझेल इंजिन चालू, कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. वीस मिनिटं अशीच गेली. मग बडीला खिशातल्या नळीची, म्हणजे हवा भरून झेंड्यासारखी उभी करायच्या रंगीत पिशवीची, आठवण झाली. त्यानं ती तोंडानं फुगवून उभी धरली आणि थोड्याच वेळात बोटीवरच्या खलाशानं हात वर केला.

ती नळी माझ्याकडं नव्हती. मास्क, फिन्स, कॅमेऱ्याचं कव्हर यावर मी भरपूर पैसे घातले होते. कोल्हापुरात आता ओपन वॉटर (स्कूबाचा सुरुवातीचा) कोर्स केलेली पोरं बरीच आहेत आणि दिवाळीनंतर अंदमान, नेत्राणी, लक्षद्वीपचे बेत ठरायला लागले की प्रत्येकजण विचारतो, आधी काय घेऊ? त्यांच्यासाठी हे लिहितोय.

फोंडा घाट उतरून मालवण-तारकर्लीला पहिल्यांदाच स्कूबा करायला जाणार असाल, तर यातलं काहीही विकत घेऊ नका. तिथं प्रशिक्षक तुम्हाला धरूनच पाण्याखाली नेतो आणि बोट डोक्यावर असते. प्रश्न सुरू होतो तो सर्टिफिकेट हातात आल्यावर, आपण दोघं बडी म्हणून बोटीपासून लांब पोहायला लागतो तेव्हा.

नळी: स्वस्तातली की जरा महाग?

तीन प्रकार बाजारात दिसतात आणि दुकानदार तिन्हींना सरसकट ‘सॉसेज’ म्हणतो.

पहिली, फक्त पाण्यावर फुगवायची. साधारण हजार-बाराशेत मिळते, मीटरभर लांब, तोंडानं फुंकायची. काहीच नसण्यापेक्षा हजारपट बरी. पण तुम्ही वर आल्यावरच ती दिसते, आणि खरा धोका त्याच्या आधीच असतो. तारकर्ली-देवबागच्या बाजूला सुट्टीच्या दिवशी किती जेट स्की आणि पर्यटकांच्या बोटी फिरतात ते आठवा. पाच मीटरवर सेफ्टी स्टॉप करून, म्हणजे वर यायच्या आधी थोडा वेळ थांबून, सरळ वर येणारा डायव्हर कुठं उगवणार, हे वरच्या बोटवाल्याला कसं कळावं? म्हणून नळी खालूनच वर सोडता आली पाहिजे. तिला डीएसएमबी म्हणतात.

डीएसएमबीत पुन्हा दोन जाती. खालून उघडी असलेली दीड-दोन हजारांपासून मिळते. तोंड मोठं असतं, त्यामुळं ऑक्टोपस (श्वास घ्यायला तोंडात धरायचं जादाचं यंत्र) खाली धरून हवा सोडली की झटकन भरते. नवशिक्याला ती सोपी वाटते. अडचण वर गेल्यावर येते. दोरीचा ताण जरा ढिला झाला की नळी आडवी पडते, खालच्या तोंडातून हवा निसटते आणि मघाशी उभा असलेला झेंडा पाण्यावर चिंधीसारखा पसरतो. तुम्ही पाच मीटरवर थांबलेले असता, तुम्हाला वरचं काही कळत नाही.

दुसरी जात बंद किंवा अर्धबंद तोंडाची. आतल्या पडद्यामुळं किंवा वाल्वमुळं एकदा शिरलेली हवा परत बाहेर येत नाही, जादा दाब बाहेर टाकायला वेगळा वाल्व असतो आणि बहुतेक नळ्यांना तोंडानं फुंकायची बारीक नळीही असते. किंमत साडेतीन ते सहा हजार. माझं मत स्पष्ट आहे : पैसे इथं घाला. बाकी सगळ्यात काटकसर चालेल.

लांबी १.४ मीटरच्या खाली घेऊ नका. नळीचा काही भाग पाण्यातच राहतो; मीटरभराच्या नळीचं वर फार थोडं उरतं. एक हिशोब करून बघा. सपाट पसरल्यावर १५ सेंटिमीटर रुंद आणि १.४ मीटर लांब नळीत फुगल्यावर जवळजवळ १० लिटर हवा मावते. म्हणजे पूर्ण बुडाली तर ती सुमारे १० किलोनं वर ओढणार. पण १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळं तिथं निम्मी भरली तरी वर पोचेपर्यंत ती आपोआप टम्म होते. दोन चांगले फुंकर पुरतात. खालीच गच्च भरायला गेलात, तर हात सोडायच्या आधी तीच तुम्हाला उचलून नेईल.

रंग नारिंगी किंवा तांबडा घ्या. काही ठिकाणी पिवळी नळी म्हणजे ‘अडचणीत आहोत, मदत पाठवा’ असा संकेत मानतात, सगळीकडे नाही. निघायच्या आधी बोटीवर विचारून घ्या. वरच्या टोकाला चंदेरी परावर्तक पट्टी असेल तर उत्तम. ट्रकला लावतात ती चिकटपट्टी नळीवर चिकटवून बघितली, पहिल्याच डाइव्हला सुटली. शिवलेली किंवा कारखान्यातच बसवलेली पट्टीच टिकते.

रील की स्पूल

खालून सोडायच्या नळीला दोरी बांधलेली असते आणि ती दोरी गुंडाळून ठेवायला रील किंवा स्पूल लागते. यात स्वस्त वस्तूच चांगली आहे. रीलला मूठ, दांडा, कुलूप असं सगळं असतं. दोरी गुंडाळायला आराम. पण नळी सुसाट वर जात असताना दोरीचा एखादा वेढा आत अडकला की रील थांबते, आणि तुम्ही तिच्यासोबत वर जायला लागता. अडीच हजारांच्या स्वस्त रीलमध्ये हे सर्रास होतं. स्पूल म्हणजे मधे भोक असलेली जाड चकती. फिरणारा भागच नाही, त्यामुळं बिघडायला काही नाही. बोटात धरायची, दोरी सुटत जाते. गुंडाळायला वेळ लागतो, एवढंच.

मी स्पूल विकत घेतली नाही. शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्याला चित्र काढून दाखवलं, त्यानं डेलरिन नावाच्या टणक प्लॅस्टिकच्या तुकड्यातून कातून दिली. भोकाची कड त्यानं बोट फिरवत फिरवत तीनदा घासली, दोरीला कुठं धार लागू नये म्हणून. पंपाचे नि इंजिनाचे सुटे भाग करणारे हात आहेत ते, त्यांना कड म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. चारशे रुपये घेतले. डेलरिन पाण्यात बुडतं, म्हणून करून घेणार असाल तर दोरीचं टोक क्लिपला नीट बांधा. दोरी वीण घातलेली नायलॉनची, दीड-दोन मिलिमीटरची घ्या. मासेमारीची पॉलिप्रॉपिलीनची दोरी स्वस्त असते, पण ती पाण्यात तरंगते आणि तुमच्याच भोवती वेटोळी घालते. १५ मीटर दोरी सेफ्टी स्टॉपला पुरते; प्रवाहात डाइव्ह करणार असाल तर ३० मीटर. क्लिप मात्र स्टेनलेस स्टीलचीच. पॉलिश केलेल्या साध्या क्लिपा दोन खेपांत गंजतात आणि ऐनवेळी उघडत नाहीत.

मग नळीही फ्लेक्सवाल्याकडून करून घेऊ का, असं एकानं विचारलं. नको. नळीचे जोड उष्णतेनं वितळवून बंद केलेले असतात. शिवणीतून हवा गळते, आणि ती गळतेय हे समुद्रात कळून उपयोग नाही.

शिट्टी, आरसा, हॉर्न

या तिघांची तुलना आम्ही रंकाळ्यावर केली. सकाळी साडेसातला बडी शालिनी पॅलेसच्या बाजूला काठावर उभा राहिला, मी समोर रंकाळा टॉवरच्या बाजूला. त्यानं शिट्टी वाजवली. मधे पाणी, मागं रस्त्यावरच्या गाड्या; मला ती कुठूनशी आली एवढंच कळलं, दिशा कळली नाही. मग त्यानं हातातला आरसा पूर्वेच्या उन्हात तिरका केला. माझ्या डोळ्यावर अशी तिरीप आली की मान वळवावी लागली. शेजारून फिरायला चाललेल्या आजोबांनी थांबून विचारलं, “काय चमकतंय रे तिकडं?” ज्याला कशाचीच कल्पना नाही अशा माणसाचं लक्ष वेधलं, यापेक्षा चांगली परीक्षा मला सुचत नाही.

आरशाची युक्ती अशी : एक हात लांब करून दोन बोटांच्या बेचक्यात लांबची नाव धरायची, दुसऱ्या हातातल्या आरशाचा कवडसा त्याच बेचक्यावर पाडायचा आणि हलकेच हलवत राहायचं. काचेचा घेऊ नका, ट्रेकिंगच्या दुकानात प्लॅस्टिकचा किंवा स्टीलचा दोन-तीनशेत मिळतो. जुनी सीडीसुद्धा चालते, मधलं भोक नेम धरायला उपयोगी पडतं. ढगाळ दिवशी आणि संध्याकाळनंतर मात्र आरसा निकामी.

शिट्टी तरीही हवीच, कारण ती उन्हावर अवलंबून नाही आणि इंजिन बंद असलेल्या बोटीला ऐकू जाते. फक्त आत गोळी असलेली घेऊ नका. पाणी शिरलं की गोळी चिकटते. गोळी नसलेली घ्या. शाहू स्टेडियमवर पेठेपेठेच्या सामन्यांत पंच वाजवतात तसली. फॉक्स ४० ही त्यातली सर्वांत माहितीची, एका कॅनेडियन बास्केटबॉल पंचानं १९८७ मध्ये बाजारात आणलेली. खेळाच्या दुकानात मिळते. बीसीडीला (हवा भरून तरंगायच्या जाकिटाला) आधीच शिट्टी असेल तर ती एकदा पाण्यात बुडवून लगेच वाजवून बघा.

सिलिंडरच्या हवेवर चालणारा हॉर्न इंजिनाच्या आवाजातही पोचतो, हे खरं. पण सहा-सात हजार रुपये, शिवाय तो स्वतःच्या बीसीडीच्या होजमध्ये बसवावा लागतो. भाड्याचं सामान वापरणाऱ्यानं याच्या वाटेला जाऊ नये. आणि सिलिंडर रिकामा झाला की हॉर्नही मुका.

रात्रीच्या डाइव्हला टॉर्च तुमच्याकडं असतोच. तो नळीला लावून किंवा नळीच्या आत सोडून फुगवला, तर सगळी नळी आकाशकंदिलासारखी उजळते. वेगळा स्ट्रोब (उघडझाप करणारा दिवा) नंतर कधीतरी घेतला तरी चालेल. पाण्यात सोडायचा रंग विमानातून दिसतो, बोटीवरून फारसा नाही, सोडून द्या.

उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं तीस हजारांच्या पुढं जातात. आपल्याकडं उपग्रह फोन आणि तसले संदेशवाहक परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. परदेशातून कुणी प्रेमानं आणून दिलं तरी वापरू नका. त्यापेक्षा तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक किनाऱ्यावर थांबणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये घालून ठेवा, आणि तुम्ही किती वाजता परतणार हेही त्याला सांगा. १९९८ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर एक अमेरिकन जोडपं समुद्रातच राहिलं, कारण बोटीवरची मोजदाद चुकली. ते नाहीत हे लक्षात यायला दोन दिवस लागले. ते दोघं कधीच सापडले नाहीत. हे वाचल्यापासून बोटीवर चढलो की मी स्वतः डोकी मोजतो.

माझा मावसभाऊ जानेवारीत अंदमानला निघालाय, हातात पाच हजार. त्याला मी १.४ मीटरची बंद तोंडाची नळी चार हजारांत घ्यायला लावली, उद्यमनगरातली स्पूल, दोरी-क्लिप मिळून सातशे, उरलेल्यात शिट्टी आणि सीडी. दोन हजारच असते तर उघड्या तोंडाची स्वस्त डीएसएमबी घेण्यापेक्षा पाण्यावर फुगवायची नळी, शिट्टी आणि आरसा घ्यायला सांगितलं असतं, आणि खालून सोडायची नळी बडीकडं आहे ना हे बघूनच पाण्यात उतर म्हटलं असतं. उघडी नळी नीट उभी ठेवायला जी सफाई लागते, ती पहिल्या वीस डाइव्हमध्ये येत नाही.

गेले चार रविवार तो गच्चीवर डोळे बांधून सराव करतोय : खिशातून नळी काढायची, घडी मोडायची, क्लिप लावायची, स्पूल बोटात, कुठलीही क्लिप स्वतःच्या बीसीडीला अडकलेली नाही हे हातानं चाचपायचं, मग फुंकायचं. पहिल्या रविवारी दोरी त्याच्या मनगटाला गुंडाळली गेली होती. आता दीड मिनिटात होतं. पुढच्या आठवड्यात जलतरण तलावावर, फिन्स घालून, पाय जमिनीला न टेकता.