टॅब झोपवायचा की रिकामा करायचा? ८ जीबीच्या ऑफिस पीसीसाठी एज आणि क्रोम

विंडोज ११, ८ जीबी रॅम, टॅली उघडं, आउटलुक उघडं आणि ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टॅब. अशा पीसीवर मेमरी वाचवायला एज आणि क्रोम दोघांकडेही उपाय आहेत, पण ते एकसारखे नाहीत. एज टॅब झोपवतो, क्रोम तो रिकामा करतो. ग्रुप पॉलिसीला (ऑफिसातल्या पीसींना सेटिंग लावून देण्याची विंडोजची सोय) हात लावण्याआधी हा फरक पक्का करून घ्यावा.

एजमध्ये स्लीपिंग टॅब्जची सोय २०२१ च्या ८८व्या आवृत्तीपासून आहे. झोपलेल्या टॅबचे टायमर आणि स्क्रिप्ट थांबतात, पण पान मेमरीतच राहतं. क्लिक केलं की जिथे सोडलं होतं तिथूनच सुरू. सीपीयूचा भार लगेच उतरतो. रॅम मात्र विंडोजला गरज पडेल तशीच मोकळी होते. टॅब किती वेळ न वापरला की झोपावा याची मूळ मुदत २ तासांची आहे, ऑफिससाठी ती फार झाली. ‘स्लीपिंग टॅब्ज टाइमआउट’ या पॉलिसीत आकडा सेकंदांत लागतो आणि तोही ठरलेल्यांपैकीच: ३०, ३००, ९००, १८०० वगैरे. दहा मिनिटांसाठी ६०० टाकायची सोय नाही, ९०० घ्या. झोपलेला टॅब ३६ तासांनी आपोआप रिकामा करणारी वेगळी पॉलिसीही आहे, पण जिथे पीसी रोज संध्याकाळी बंद होतात तिथे ते ३६ तास कधी भरतच नाहीत.

क्रोमचा मेमरी सेव्हर डिसेंबर २०२२ मध्ये १०८व्या आवृत्तीबरोबर यायला लागला. तो निष्क्रिय टॅबचं पानच मेमरीतून काढून टाकतो. वर नाव दिसत राहतं, क्लिक केलं की पान सर्व्हरवरून नव्याने येतं. रॅम खरोखर आणि लगेच सुटते. पॉलिसींच्या यादीत ‘मेमरी सेव्हर’ शोधत बसू नका, चालू-बंद करणारी पॉलिसी अजून ‘हाय एफिशियन्सी मोड’ या जुन्याच नावाने आहे. तिच्या जोडीची ‘मेमरी सेव्हर मोड सेव्हिंग्ज’ ०, १ किंवा २ घेते. २ म्हणजे टॅब सगळ्यात लवकर रिकामा. सुरुवात १ ने करावी.

अडतं ते इथे. आवाज चालू असलेला, स्क्रीन शेअर होत असलेला, पिन केलेला किंवा अर्धवट भरलेल्या फॉर्मचा टॅब मेमरी सेव्हर सोडून देतो. पण ईआरपीमध्ये (कंपनीचा हिशेब, साठा वगैरे सांभाळणारं सॉफ्टवेअर) पाच फिल्टर लावून रिपोर्टच्या चौथ्या पानावर आलेल्या माणसाने टाइप काहीच केलेलं नसतं. चहा घेऊन परत आला की पुन्हा पहिलं पान. बऱ्याच बँकांच्या साइटवर तर पान रीलोड झालं की सेशनच तुटतं. म्हणून अकाउंट्सच्या मशीनवर मेमरी सेव्हर लावणार असाल, तर त्याच दिवशी ‘टॅब डिस्कार्डिंग एक्सेप्शन्स’मध्ये जीएसटी पोर्टल, नेटबँकिंग आणि ईआरपी यांचे पत्ते घाला. एजमध्ये याला समांतर यादी झोपेपुरती आहे. तिथे चॅटची साइट घालावी, नाहीतर मेसेजची सूचना उशिरा येते.

‘टोटल मेमरी लिमिट’ ही पॉलिसी दोन्ही ब्राउझरमध्ये आहे आणि दिसायला मोहात पाडणारी आहे. आकडा एमबीमध्ये, १०२४ च्या खालचं काहीही १०२४ धरलं जातं. मर्यादा ओलांडली की टॅब रिकामे व्हायला लागतात, तरी ब्राउझर मर्यादेतच राहील याची हमी नाही. २०४८ ठेवून एखादा जड डॅशबोर्ड उघडा: टॅब बदलला की लोड, परत आलात की पुन्हा लोड. मग तक्रार येते ती ‘नेट स्लो आहे’ अशी. आमच्या मते ८ जीबीवर ही लावूच नये.

फायरफॉक्स ९३व्या आवृत्तीपासून विंडोजवर टॅब मेमरीतून उतरवतो, पण घड्याळ बघून नाही, मेमरीची टंचाई झाली की.

खरं तर या सगळ्याआधी एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, बघायला हवीत. शिफ्ट + एस्केप दाबून ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडा आणि मेमरीच्या रकान्यावर क्लिक करून उतरता क्रम लावा. कूपन शोधणारी, स्क्रीनशॉट काढणारी एक्स्टेन्शन प्रत्येक पानात आपली स्क्रिप्ट घुसवतात, म्हणजे भार टॅबागणिक वाढतो. एक्स्टेन्शनच्या ब्लॉकलिस्ट पॉलिसीत फक्त * (म्हणजे सगळी) टाका आणि हवी तेवढीच अलाउलिस्टमध्ये ठेवा. मात्र * लागताच आधीपासून बसवलेलीही बंद पडतात, त्यामुळे डिजिटल सहीसाठी कोणी काय वापरतं ते आधी विचारून घ्या. क्रोम वापरणाऱ्या ऑफिसात एजचा स्टार्टअप बूस्ट (पीसी सुरू होताच एज मागे तयार ठेवणारा) आणि दोन्हींचा बॅकग्राउंड मोड (खिडकी मिटल्यावरही ब्राउझर मागे चालू ठेवणारा) बंद करा. न उघडलेला ब्राउझर मेमरीत कशाला हवा? साइट आयसोलेशन (प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवणारी सुरक्षा) मात्र बंद करू नये. २०१८ मध्ये ते सुरू करताना गूगलने १० ते १३ टक्के जादा मेमरी लागेल असं सांगितलं होतं, आणि सुरक्षिततेसाठी तेवढी द्यावीच.

आमची निवड: दिवसभर पोर्टल आणि ईआरपीवर बसणाऱ्यांना एज, मुदत ९०० सेकंद. पंचवीस टॅब नुसते वाचायला उघडे ठेवणाऱ्यांना क्रोमचा मेमरी सेव्हर. पॉलिसी लगेच लागू करणारी ‘जीपीअपडेट /फोर्स’ ही कमांड चालवल्यावर अॅड्रेस बारमध्ये एज://पॉलिसी किंवा क्रोम://पॉलिसी उघडून आकडा खरंच पोचला का ते बघा.

मोजताना विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, आणि तिथली ‘कमिटेड’ ही आकड्यांची जोडी धरा: पहिला आकडा प्रोग्रॅमना कबूल केलेल्या मेमरीचा, दुसरा रॅम आणि पेजफाइल मिळून असलेल्या मर्यादेचा. त्यातला पहिला आकडा दुसऱ्याला भिडायला आला की रॅम शिल्लक दिसत असूनही टॅब कोसळतात. कोणी एसएसडी वाचवायला पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) बंद केली असेल तर हे हमखास होतं. ती सिस्टिमच्या हवाली करा. पॉलिसी लावूनही पहिला आकडा रोज १२-१३ जीबीच्या वर असेल तर ८ जीबीची आणखी एक स्टिक घ्या. त्याच पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’समोर २ पैकी १ दिसलं तर काम सोपं. २ पैकी २ दिसलं तर आधीच्या ४-४ जीबीच्या स्टिक काढाव्या लागतील.