रिव्हर प्लेटचा गोंगाट, अंबडच्या गोडाऊनमध्ये

साऊंडचा धंदा करणाऱ्याला कॉन्सर्टची फिल्म दाखवू नये. गाणं राहतं बाजूला आणि तो माइक कुठे लावलाय ते शोधत बसतो. भाच्याने एसी-डीसी या रॉक बँडच्या ‘लाइव्ह ॲट रिव्हर प्लेट’ या फिल्मची ब्लू-रे आणली तेव्हा माझंही तेच होणार होतं. विसर्जन आटोपलेलं, माल पुसून नाशिकमधल्या अंबडच्या गोडाऊनमध्ये रचून ठेवलेला. दोन पंधरा इंची टॉप स्पीकर आणि एक अठरा इंची बेस स्पीकर जोडला, भिंतीवर पांढरी चादर ताणली, मित्राचा प्रोजेक्टर लावला. नाव ऐकून आमचा वायरमन म्हणाला, “भाऊ, हे करंटवाले का?” म्हटलं, अगदी बरोबर. अँगस आणि माल्कम यंग या भावांच्या बहिणीने शिलाई मशीनवर ही अक्षरं वाचली आणि बँडला हे नाव मिळालं. वायरमन खूश होऊन खुर्ची ओढून बसला तो शेवटपर्यंत उठला नाही.

बँड सिडनीत सुरू झालेला, १९७३चा. फिल्म आहे डिसेंबर २००९ची, ब्युनोस आयर्समधल्या रिव्हर प्लेट या फुटबॉलच्या स्टेडियमवरची. तीन रात्री कार्यक्रम झाला, मिळून दोन लाखांच्या घरात पब्लिक. बाजारात आली २०११ला.

आधी आवाज. किक ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, पोटात लागतो, पण फुगत नाही. आपल्याकडे मंडळाची पोरं येऊन “दादा, बेस वाढवा” म्हणतात आणि वाढवत वाढवत शेवटी नुसती घरघर उरते, ठोका सापडतच नाही. इथे ड्रमर फिल रड मागे बसून जवळजवळ काहीच करत नाही. सरळ ठेका, ना कलाकुसर ना मध्येच तिहाई. त्यामुळे प्रत्येक ठोक्याभोवती मोकळी जागा राहते आणि मिक्स करणाऱ्याने ती जागा खाल्लेली नाही. मी मिक्सरवर ईक्यू (खर्ज-तार कमीजास्त करायचे नॉब) सपाट ठेवला होता, एकाही नॉबला हात लावावा लागला नाही. आमच्या लाइनीत यापेक्षा मोठं कौतुक नसतं.

दुसरी गोष्ट पब्लिकची. बऱ्याच लाइव्ह फिल्ममध्ये गाणं संपलं की टाळ्या वर येतात, गाणं सुरू झालं की गायब. जणू लोकांना नळासारखं चालू-बंद करतात. इथे पब्लिक सतत गाण्याच्या खाली वाहत असतं. ‘थंडरस्ट्रक’ला अख्खं मैदान एका दमात उडी मारतं, कॅमेरा वरून घेतो, आणि ते बघताना मला वाकडी बारव ते रामकुंड मिरवणुकीत पन्नास ढोल एका टिपरूवर पडतात तो क्षण आठवला. मी पथकात सात वर्षं वाजवलंय. अंगावर काटा यायला भाषा कळावी लागत नाही.

‘हेल्स बेल्स’ला वरून भलीमोठी घंटा उतरते. साठी पार केलेला गायक ब्रायन जॉन्सन धावत येऊन तिच्या दोराला चक्क लोंबकळतो. भाचा पटकन म्हणाला, “मामा, नारोशंकराची घंटा!” आता गोदाकाठच्या देवळातली ती घंटा डोळ्यांसमोर असलेल्या नाशिककराला बाहेरच्या कुठल्याही घंटेचं काय अप्रूप, पण ही वाजते झकास. नाद पूर्ण विरेपर्यंत कोणी घाई करत नाही.

आता तक्रार. दिग्दर्शक डेव्हिड मॅलेट. याच बँडच्या १९९१च्या, इंग्लंडमधल्या डोनिंग्टनच्या कार्यक्रमाची फिल्मही त्यांचीच. इथे बत्तीस एचडी कॅमेरे लावलेत आणि ते सगळे दाखवलेच पाहिजेत असा हट्ट केल्यासारखं कापलंय. अँगसची बोटं गिटारच्या मानेवर कुठे चाललीत ते दिसायला लागतं न लागतं तोच आपण पब्लिकमधल्या एखाद्या पोरीच्या चेहऱ्यावर. शाळेचा गणवेश घालून तो पठ्ठ्या एका पायावर नाचतोय, त्याला जरा नाचू द्या की! चित्र मात्र स्वच्छ. घामाचा थेंब न् थेंब मोजता येतो.

सगळ्यात जास्त अन्याय झालाय माल्कमवर. रिदम गिटार वाजवणारा हा माणूस ड्रमच्या शेजारी उभा राहतो, कोरस आला की बास वाजवणाऱ्या क्लिफ विल्यम्ससोबत पुढे माइकपर्यंत येतो, ओळ म्हणतो आणि मागे जाऊन उभा. कॅमेरा त्याच्याकडे वाट चुकल्यासारखा वळतो. पण डोळे मिटून ऐका, सगळी इमारत त्याच्या उजव्या हातावर उभी आहे. मिरवणुकीत लोक ताशाचे व्हिडिओ काढतात, ढोलाकडे कोणी बघत नाही, तसंच. २०१७मध्ये माल्कम गेला. आता ही डिस्क लावली की मी पडद्यावर त्यालाच शोधत असतो.

‘लेट देअर बी रॉक’मधला अँगसचा सोलो लांबतो. तो उचलणाऱ्या चौथऱ्यावर आडवा पडून गोल फिरतो वगैरे ठीक, पण मी त्या वेळात चहा सांगून आलो. ज्यांनी पहिल्यांदा बघायचीय त्यांनी बसून राहावं.

शेवटच्या गाण्यात स्टेजवर तोफा धडाडतात. इथे बेसचा फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकती पट्टी) दोन रेघा खाली घ्या, मी घेतला नाही आणि पत्र्याच्या शेडचे सगळे नट वाजले. शेजारच्या कंपनीचा वॉचमन टॉर्च घेऊन बघायला आला. आत आल्यावर त्यालाही खुर्ची दिली. एकोणीस गाणी, एकशेदहा मिनिटं. मोबाइलच्या स्पीकरवर बघणार असाल तर नका बघू. डिस्क अजून माझ्याकडेच आहे, भाच्याने दोनदा मागितली.